‘हुतात्मा’ आणि ‘पुढारी’

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथे जन्मलेल्या बाबू गेनू सैद यांच्याविषयी लिहिताना आपले लेखक ‘हुतात्मा’ हीच संज्ञा योजतात. ती आदराची खरी; परंतु अपुरी आहे. ‘हुत’ हे ‘हु’ धातूचे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित होय. त्यातून अर्पिले गेल्याचा बोध होतो. उलट, ‘नी’ धातूपासून सिद्ध झालेला ‘नेता’ हा शब्द कर्तृवाचक आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी रस्त्यावर विदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे हे गिरणी कामगार आडवे झाले, तेव्हा ते कर्तेच होते. नेतृत्वाचे तत्त्वज्ञान केवळ ग्रंथांत व भाषणांत शोधण्याच्या सवयीमुळे हे कर्तृत्व आपल्या नजरेतून निसटते. इतरांना जे करावयास सांगावयाचे, ते प्रथम स्वतः करावे, हे तत्त्व त्यांच्या कृतीतून स्पष्ट वाचता येते. ‘पुढारी’ या मराठी शब्दाचा मूळ भावही पुढे असणारा हाच आहे. ‘हुतात्मा’ म्हणून वंदन केले की आपले कर्तव्य संपते. ‘पुढारी’ म्हटले की मागोमाग चालण्याची जबाबदारी येते. पहिला शब्द आपणांस अधिक सोयीचा वाटतो, त्याचे कारण बहुधा हेच असावे.