वारशाने आलेला झाडू आणि सुधारक ओलवे यांचा कॅमेरा

दलित साहित्याच्या समीक्षेने कविता, कथा, आत्मकथन यांची भरपूर चिकित्सा केली. छायाचित्राकडे मात्र ती फारशी वळली नाही. मुखपृष्ठावर किंवा मोर्चाच्या बातमीशेजारी ते छापावे, एवढाच त्याचा उपयोग आपण मानला. म्हणून सुधारक ओलवे यांच्यासारख्या छायाचित्रकाराची ओळख सन्मानांच्या यादीपाशी थांबते. १९६६ साली अकोल्यात जन्म, १९८८ पासून वृत्तपत्रांसाठी छायाचित्रण, २०१६ मध्ये पद्मश्री, एवढे कोणीही सांगेल. मला विचारायचा आहे तो प्रश्न निराळा आहे : जात छायाचित्रात दिसते काय?

एका छायाचित्रात ती दिसत नाही, असे माझे मत आहे. घाण दिसते, दारिद्र्य दिसते. गटारात गळ्यापर्यंत उतरलेला माणूस वृत्तपत्रात पाहून वाचक हळहळतो आणि पान उलटतो. या माणसाआधी तेथे कोण उतरत होते आणि याच्यानंतर कोण उतरणार, हे त्या क्षणात मावत नाही. जात काळात पसरलेली असते. तिचा माग काढायचा तर कॅमेऱ्यालाही वर्षे मोजावी लागतात.

ओलवे यांनी ती मोजली. १९९९ च्या सुमारास ते मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांमागे जाऊ लागले. वृत्तपत्राचे काम पोटासाठी आणि हे काम स्वतःसाठी, असा तो संसार होता. 'इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस' या नावाने ते काम प्रदर्शनांतून देशापरदेशांत गेले, त्याचे पुस्तक झाले. त्यात मॅनहोलमधला माणूस आहे, उघड्या हातांनी कचरा भरणारे हात आहेत. पण कॅमेरा तेथून परत फिरत नाही. तो कामगाराच्या खोलीत जातो. बायकामुले पाहतो, व्यसनही पाहतो. समीक्षकांनी मॅनहोलच्या चित्रांची स्तुती केली; माझ्या मते या कामाचे खरे बळ खोलीतल्या चित्रांत आहे.

कारण त्या खोलीतच जातीचा व्यवहार ठरतो. पालिकेची खोली नोकरीला बांधलेली. कामगार मेला वा थकला की वारसा हक्काने घरातल्याने झाडू हाती घ्यायचा, नाहीतर खोली खाली करायची. मुंबईत याला 'पी. टी. केस' म्हणतात. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी या वारसा हक्काला आधार दिला, आणि कामगार संघटना तो प्राणपणाने जपतात. त्यांचे चुकते असे कोण म्हणेल? विधवेला उद्याची भाकरी यातूनच मिळते. पण ज्या नोकरीसाठी दुसऱ्या जातीचा माणूस रांगेत उभा राहत नाही, तीच नोकरी आपल्या मुलासाठी राखीव राहते. हक्क आणि सापळा एकाच कागदावर. शिकलेला मुलगाही बापाच्या जागेवर सही करतो. हा पेच कविता सांगू शकते, अहवालही सांगू शकतो. तो डोळ्यांना दाखवायचा तर त्याच घरी पुन्हा पुन्हा जावे लागते.

येथे एक अडचण उभी राहते. आमच्या आजरा, गडहिंग्लज, चंदगड या भागातल्या घराघरांतून माणसे मुंबईला गेली. गावी सांगताना बरेच जण "म्युनिसिपालटीत आहे" एवढेच सांगत. कोणत्या खात्यात, हे विचारायचे नाही असा अलिखित नियमच होता. बाबूराव बागुलांचा नायक जात चोरतो. हा माणूस काम चोरतो, आणि त्या चोरीवरच गावात ताठ मानेने चार दिवस राहतो. छायाचित्र हे पांघरूण ओढून काढते. तसा अधिकार छायाचित्रकाराला कोणी दिला? यूजीन स्मिथ १९७१ पासून तीन वर्षे जपानच्या मिनामाता गावी राहिला. पाऱ्याच्या विषाने अपंग झालेल्या मुलीला आई न्हाऊ घालते, हे त्याचे छायाचित्र जगभर गाजले. तरीही १९९८ मध्ये मुलीच्या आईवडिलांच्या इच्छेचा मान राखून आयलीन स्मिथ यांनी ते नव्याने प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. म्हणजे तीन वर्षांच्या सहवासानेही हा प्रश्न कायमचा मिटला नव्हता. ओलवे दलित आहेत म्हणून त्यांना तो लागू नाही, असेही मी मानत नाही. आपल्या माणसाचा कॅमेराही कॅमेराच.

तरी फरक आहे. ब्राझीलच्या सेबास्तियाव साल्गादोने १९८६ मध्ये सेरा पेलादाच्या सोन्याच्या खाणीत काढलेली छायाचित्रे पाहावीत. हजारो माणसे चिखलात मुंग्यांसारखी चढताना दिसतात. दृश्य भव्य आहे, पण माणूस त्यात हरवतो. ओलवे यांची भव्यतेशी सलगी नाही. पुढे महाराष्ट्रातल्या जातीय अत्याचारांत माणूस गमावलेल्या कुटुंबांकडे ते गेले, तेव्हाही घटना होऊन गेलेली होती. मागे राहिलेली माणसे तेवढी उरली होती. बातमी संपते तेथून त्यांचे काम सुरू होते.

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. मृत्यूची किंमत वाढत गेली. ज्या राज्यसंस्थेला गटारातला मृत्यू थांबवता आला नाही, तिनेच त्याच्या छायाचित्रकाराला पद्मश्री दिली. सन्मान नाकारावा असे मी म्हणणार नाही. आपल्या माणसांना मिळतातच किती! पण या चित्रांची प्रदर्शने लिस्बन, ॲमस्टरडॅम येथे झाली, तशी ती चंदगड-आजऱ्याच्या एस. टी. स्टँडवरही लागायला हवीत. तेथे पाहणारा चित्रातल्या माणसाला कदाचित ओळखेल, आणि मग वर विचारलेला प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहील.

शिवाय काम बदलले आहे. ओलवे यांच्या चित्रांतला पालिकेचा कामगार निदान हजेरीपटावर होता. त्यानंतर ठेकेदार आले. मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयातून मिळवायला २०१७ साल उजाडले. बाकीच्यांना ना खोली, ना पी. टी. केस. वारसा हक्काचा कागद गेला, तरी झाडू त्याच वस्त्यांतल्या हातांत आहे. त्यांच्या घरी दहा-पंधरा वर्षे जाणारा छायाचित्रकार आता हवा आहे.