योनाचा ग्रंथ आणि ईश्वरी वचनाचा अपवाद

ईश्वर आपल्या वचनाला स्वतःच अपवाद करतो काय, हा ख्रिस्ती धर्मविचारातील एक जुना प्रश्न होय. 'जुन्या करारा'त त्याची दोन विरोधी उत्तरे शेजारी शेजारी आढळतात. शौलाला राजा केल्याबद्दल देवाला अनुताप झाला, आणि देव मनुष्याप्रमाणे अनुताप पावत नाही, ही दोन्ही विधाने शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाच्या एकाच, पंधराव्या, अध्यायात आहेत. हा विरोध कथारूपाने टोकास नेणारी कृती म्हणजे अवघ्या चार अध्यायांचा योनाचा ग्रंथ.

योनाने निनवे नगरीत केलेल्या घोषणेत मुदत आहे, अट नाही. चाळीस दिवसांनी नगरी उलथली जाणार होती. परंतु नगरजन उपास करतात, राजा राखेत बसतो आणि योजलेले अरिष्ट टळते. नगरी वाचते, संदेष्टा मात्र खोटा पडल्यासारखा होतो.

हा पेच तीन मार्गांनी सोडविला जातो. पहिला मार्ग शब्दार्थाचा. घोषणेतील हिब्रू क्रियापद सदोमच्या नाशाच्या कथेतही येते. तथापि 'पालटणे' हाही त्याचा अर्थ आहे. निनवे पालटली, म्हणजे वचन खरेच ठरले! दुसरा तत्त्वज्ञानाचा. इच्छा बदलणे निराळे आणि बदलाची इच्छा करणे निराळे, असा भेद तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने केला. तिसरा कॅल्विनचा. अशा धमकीत अट अध्याहृत असते, असे त्याचे प्रतिपादन आहे.

यांपैकी पहिला मार्ग चतुर आहे. पण कथाकारालाच तो मान्य दिसत नाही, कारण तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस तो देवाच्या अनुतापाचा स्पष्ट उल्लेख करतो. दुसरा देवाची अविकारिता राखतो, परंतु योनाच्या संतापाला उत्तर देत नाही. तिसऱ्याला यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातील कुंभाराच्या दृष्टान्ताचा भक्कम आधार आहे. मात्र त्या आधाराची किंमत क्वचितच मोजली जाते. यिर्मया तोच नियम आश्वासनांनाही लावतो : राष्ट्र बिघडले, तर योजिलेले हितही देव मागे घेतो. निनवेला वाचविणारी अट श्रद्धावंताच्या आश्वासनालाही अशी येऊन भिडते.

ग्रंथाचे स्वतःचे उत्तर चौथ्या अध्यायात आहे. देव दयाळू व मंदक्रोध आहे हे ठाऊक होते, म्हणूनच आपण तार्शीशकडे पळालो, असे योना सांगतो. ही विशेषणे त्याची स्वतःची नव्हेत. सुवर्णवत्साच्या पातकानंतर देवाने मोशेला आपली जी ओळख दिली, तिच्यातील ती आहेत. म्हणजे दया हेही देवाचेच वचन, आणि तेही आधीचे. निनवेच्या बाबतीत वचनाला अपवाद झालेला नाही. एका वचनावर मूळ वचनाने मात केली आहे. योनाचे दुःख एवढेच, की इस्राएलला लाभलेली क्षमा शत्रूलाही लाभली.

हे उत्तर सोयीस्कर मात्र नाही. नहूमाचा ग्रंथ त्याच ओळखीतील मंदक्रोधाचा उल्लेख करतो, पण दोषी सुटत नाही या तिच्याच उत्तरार्धावर भर देऊन निनवेचा नाश घोषित करतो, इ. स. पूर्व ६१२ मध्ये ती नगरी पडलीही. एकाच वचनातून क्षमा आणि दंड दोन्ही निघतात. त्यामुळे विश्वासाचा आधार सुट्या वाक्यात शोधता येत नाही, तो वक्त्याच्या स्वभावात शोधावा लागतो. म्हणूनच ग्रंथाचा शेवट सिद्धान्ताने होत नाही. १,२०,००० हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरे यांची कीव करू नये काय, या देवाच्या प्रश्नावर तो थांबतो. योनाचे उत्तर नोंदलेले नाही.