गाडी पुसणं आणि ‘डिटेलिंग’

तुम्हीही हे व्हिडिओ पाहता. चारचौघांत कुणी बोलत नाही, पण रात्री डिशवॉशर लावून झाला, मुलं झोपली की फोनवर बोट सरकवता सरकवता वीस वर्षं न धुतलेली एखादी गाडी समोर येते. सीटमध्ये उंदरांनी घरटं केलेलं, काचांच्या कडेला शेवाळ, टायर बसलेले. तिला ओढून उजेडात आणतात, वरून फेस मारतात, आणि पुढची चाळीस मिनिटं तुम्ही जागचे हलत नाही. शेवटी मालकीण येते, स्वतःच्याच गाडीकडे बघून तोंडावर हात ठेवते, आणि तिच्याइतकंच तुम्हालाही बरं वाटतं.

मी या व्हिडिओंची जुनी प्रेक्षक आहे. माझं रोजचं काम पृष्ठभागांच्या रसायनाचं. पाण्याचा थेंब एखाद्या थरावर किती अंशांच्या कोनात बसतो, हे मोजण्यात माझे दिवस जातात. त्यामुळे मेण लावलेल्या बॉनेटवर थेंब टपोरे उभे राहिले की मी जरा जास्तच रमते. पण आवडीच्या गोष्टीशीच माणूस खरा भांडतो. एक कलाप्रकार म्हणून या व्हिडिओंकडे पाहिलं, तर त्यांत काय दिसतं आणि काय मुद्दाम दिसत नाही, याबद्दल माझी काही भांडणं आहेत.

आधी त्यांचं श्रेय त्यांना. गाडीच्या रंगावरचे बारीक ओरखडे बहुतेक वेळा धुतानाच पडतात, ही गोष्ट या मंडळींनी सामान्य माणसाच्या गळी उतरवली. रंगाच्या वर पारदर्शक लाखेचा, म्हणजे क्लिअर कोटचा थर असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा. आपला केससुद्धा बहुधा याहून जाड असतो. त्या थरावर वाळूचा कण ठेवून वरून फडकं फिरवलं, की झालं. म्हणून आधी हात न लावता पाण्याच्या झोताने जेवढी घाण जाईल तेवढी घालवायची. मग दोन बादल्या, एक साबणाची आणि दुसरी फक्त हातमोजा खळबळून घ्यायला. वरून खाली यायचं, कारण सगळ्यात जास्त रेती दरवाजांच्या खालच्या भागात असते. उन्हात धुवायचं नाही, कारण साबण वाळतो आणि जड पाण्यातला चुना डाग सोडून जातो. मायक्रोफायबरची फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालायचा नाही. या सगळ्यामागचं तत्त्व म्हणजे गाडीला कमीत कमी हात लावणं. चकाकीच्या नादात असलेल्या माणसाला संयम शिकवणं सोपं नसतं, आणि यांतले चांगले व्हिडिओ तेच करतात.

आता भांडणं. पहिलं कॅमेऱ्याशी. तो बॉनेटवरून हलत नाही.

यात नवं काही नाही. केनेथ अँगरचा १९६५ सालचा ‘कस्टम कार कमांडोज’ नावाचा जेमतेम तीन मिनिटांचा लघुपट आहे. गुलाबी पडद्यापुढे एक तरुण आपली गाडी मोठ्या मऊ पफने कुरवाळल्यासारखी पुसतो, मागे प्रेमगीत वाजतं. बस्स, एवढंच. गंमत म्हणजे तो केला फोर्ड फाउंडेशनच्या अनुदानातून. पण अँगरला आपण काय दाखवतो आहोत ते पक्कं ठाऊक होतं. तो आसक्ती दाखवत होता आणि तिला देखभाल म्हणत नव्हता. आजचे व्हिडिओ आसक्तीच दाखवतात, पण तिला ‘प्रोटेक्शन’ म्हणतात.

मी मिशिगनमध्ये राहते. इथे किंवा ओहायोत, अपस्टेट न्यूयॉर्कमध्ये, टोरांटोत जे राहतात, त्यांना वेगळं सांगायला नको की इथली गाडी वरून मरत नाही, खालून मरते. हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं. साधं सोडियम क्लोराइड, शिवाय कुठे कॅल्शियम क्लोराइडचं तर कुठे मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी. ही शेवटची दोन क्षारं हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे चाकांच्या कमानीत साठलेला चिखल ओलाच राहतो. ब्रेकच्या नळ्या, दरवाजांखालच्या पट्ट्या, सस्पेन्शनचे जोड गंजतात ते तिथे. बॉनेटवर तुम्ही तीन थर मेण चढवलंत तरी या नळ्यांना त्याचा पत्ता नसतो. आणि मीठ फेब्रुवारीच्या कडाक्यापेक्षा बर्फ वितळायला लागल्यावर जास्त वेगाने खातं, कारण गंजालाही ऊब आणि पाणी लागतं. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत गाडीच्या पोटाला किती वेळ मिळतो, ते एकदा घड्याळ लावून बघा. कारण उघड आहे. पोटात आभाळाचं प्रतिबिंब पडत नाही.

दुसरं भांडण शब्दांशी. मराठीत आपण ‘पॉलिश मारणं’ म्हणतो तेव्हा काहीतरी वरून लावत असतो. बुटाचं पॉलिश डोळ्यांसमोर असतं. गाडीचं पॉलिश नेमकं उलट आहे. त्यात बारीक घर्षक कण असतात आणि ते क्लिअर कोट घासून पातळ करतात, ओरखड्याच्या काठांची पातळी खाली आणतात. मेण वर चढतं, पॉलिश खालचं काढतं. काढलेलं परत येत नाही. पन्नास मायक्रॉनच्या भांडवलातून दर वसंतात हौसेने थोडं खर्च करत गेलात, तर दहा वर्षांत काय उरेल याचा हिशेब त्या सुंदर यंत्राच्या घरघरीत ऐकू येत नाही. ‘फक्त बॉनेटच करतो आहे’ म्हणणाऱ्यांना तर नाहीच.

मग येतं ‘९ एच’. सिरॅमिक कोटिंगच्या बाटलीवर हे छापलेलं असतं आणि बोलणारा ते अशा सुरात सांगतो की हिऱ्याच्या खालोखाल आपलीच गाडी. हा ‘एच’ पेन्सिलीचा आहे. शाळेत एचबी आणि २ एच असायच्या ना, त्याच मालिकेतली. ठरावीक दाबाने, ठरावीक कोनात पेन्सिल ढकलायची आणि थराला ओरखडा पडतो का पाहायचं, अशी ही रंगउद्योगातली चाचणी. उपयोगाची आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण खनिजांच्या कठीणपणाचा जो मोह्स क्रम आपण भूगोलात शिकलो, त्यातल्या नवाशी या नवाचा काही संबंध नाही. रस्त्यावरची वाळू म्हणजे क्वार्ट्झ, मोह्स क्रमात सात. ती पेन्सिलीतल्या ग्राफाइटला आणि मातीला विचारत नाही. सिरॅमिक थर चांगला असतो तो घाण चिकटू देत नाही आणि मेणापेक्षा जास्त टिकतो म्हणून. चिलखत म्हणून नव्हे. आणि थेंब टपोरे बसणं म्हणजे संरक्षण असंही नाही. त्यातून फक्त पाण्याला तो पृष्ठभाग आवडत नाही एवढं कळतं. उलट जड पाण्याचे ते टपोरे थेंब उन्हात वाळले, तर प्रत्येक थेंबाची एक गोल पांढरी आठवण मागे राहते.

‘१०० टक्के कार्नाउबा’चीही तीच कथा. कार्नाउबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं मेण. कोरड्या दिवसांत लांब काठीला कोयता बांधून पानं कापतात, उन्हात वाळवतात, झोडपून भुकटी काढतात. ८० अंशांच्या वरच वितळणारं हे मेण इतकं कडक आणि ठिसूळ असतं की डबीत शंभर टक्के तेच असतं तर तुम्हाला ते बोटाने उचलताही आलं नसतं. तेलं आणि द्रावक मिसळल्याशिवाय त्याचा लेप होत नाही. मेणाची ‘शुद्धता’ मिरवणाऱ्या व्हिडिओंत हे नसतं. त्या मळ्यांतून गुलामीसारख्या अवस्थेत राबणाऱ्या मजुरांना ब्राझीलच्या सरकारी निरीक्षकांनी सोडवल्याच्या नोंदी आहेत, हे तर नसतंच.

एक वाद मात्र मला मनापासून करमणुकीचा वाटतो. मेण गोल गोल फिरवून लावायचं की सरळ रेषेत? गोल पद्धतीचं खापर बहुतेक ‘द कराटे किड’वर फुटतं. १९८४च्या त्या सिनेमात पॅट मोरिटाने साकारलेला मियागी पोराला जुन्या गाड्यांना मेण लावायला बसवतो, एका हाताने चढवायचं आणि दुसऱ्याने उतरवायचं. डिटेलिंगवाले हा प्रसंग दाखवून हसतात. म्हणे यामुळेच गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं पडतात. तुम्ही कधी पावसानंतर रस्त्यावरच्या दिव्यासमोरचं झाड पाहिलंय? ओल्या फांद्या दिव्याभोवती गोल विणल्यासारख्या दिसतात. फांद्या सगळीकडे वेड्यावाकड्याच असतात, पण चमकतात फक्त योग्य दिशेला आडव्या आलेल्या. गाडीवरची वर्तुळं बरीचशी याच जातीची. ओरखडे कसेही असोत, दिव्याचं प्रतिबिंब मधे आलं की ते त्याच्याभोवती गोल दिसणार. फडक्यात वाळू असेल तर सरळ रेषेनेही वाचवणार नाही, आणि फडकं स्वच्छ असेल तर मियागी निर्दोष आहे.

मियागी, आठवत असेल तर, ओकिनावाहून आलेला आणि एका अपार्टमेंटची डागडुजी करणारा माणूस आहे. इतरांच्या दृष्टीने नळ दुरुस्त करणारा म्हातारा. त्याच्या हातातलं कसब लोकांना दिसत नाही, हा त्या सिनेमाचा निम्मा विषय. चाळीस वर्षांनी त्याच्या पद्धतीवर हसणाऱ्या व्हिडिओंना नेमकं तेच दिसत नाही. माझं खरं भांडण इथलं आहे.

आपल्याकडे ‘गाडी धुणं’ दसऱ्याला. एरवी ‘गाडी पुसणं’, आणि तेही आपण करत नाही. गाडी पुसायला माणूस येतो. पुण्या-ठाण्याच्या कुठल्याही सोसायटीत पहाटे साडेपाचला तो खाली असतो. एक बादली, एक फडकं, पंधरा गाड्या, महिन्याला गाडीमागे काही शे रुपये. भारतातल्या डिटेलिंगच्या व्हिडिओंत हा माणूस हमखास येतो, खलनायक म्हणून. तुमच्या गाडीवरची जाळी कुणी पाडली? याने. उपाय काय? त्याला बंद करा आणि आमचं पॅकेज घ्या. इकडे आपल्या पॉटलकमध्येही कुणीतरी हौशी बंधू तेच ऐकवतो, वर हसून.

तांत्रिकदृष्ट्या ते चूक नाहीत. धूळभरली गाडी ओल्या फडक्याने पुसली की ओरखडे पडणारच. पण आता याच मंडळींचा सध्याचा लाडका प्रकार बघा, ‘रिन्सलेस वॉश’. एक बादली, दोन गॅलन म्हणजे साडेसात लिटर पाणी, त्यात टोपणभर पॉलिमरचं द्रावण, आणि पुसून काढायचं. नंतर पाणी मारायचं नाही. अहो, हे तेच आहे! एक बादली आणि फडकं. फरक दोनच. पॉलिमर कणांना वेढून निसरडं करतं, आणि फडकी एकाऐवजी सातआठ असतात. प्रत्येकाची चौघडी करायची, एक बाजू एकदा वापरली की पालटायची. म्हणजे पहाटेच्या त्या माणसाची पद्धत जंगली नव्हती, त्याला सामान कुणी दिलं नाही. पंधरा गाड्या गुणिले आठ, १२० फडकी. ती रोज कोण धुणार, कुठे वाळत घालणार, पैसे कोण देणार? हे प्रश्न विचारणारा एकही व्हिडिओ मी पाहिलेला नाही. आपण शनिवारी सकाळी स्वतःच्या ड्राइव्ह-वेवर दोन तास घालवले की तो छंद, ‘थेरपी’ वगैरे. तेच काम पोटासाठी केलं की अडाणीपणा.

ब्रिटनमधल्या वाचकांनी हसून सोडून देऊ नये. तुमच्याकडे पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर चारपाच जण मिळून काही पौंडांत गाडी हाताने धुऊन देतात. हाउस ऑफ कॉमन्सच्या पर्यावरणविषयक समितीने २०१८मध्ये त्यांच्यावर अख्खा अहवाल काढला. त्यात मजुरांची पिळवणूक होती आणि गटारात जाणारं घाण पाणीही, दोन्ही एकाच ठिकाणी. आखातातल्यांचं वेगळंच. दुबईत रस्त्यावर धूळ खात सोडलेल्या गाडीला ५०० दिरहॅमचा दंड आहे, त्यामुळे तिथे स्वच्छता हा छंद नसून कायदा आहे. आणि कायदा पाळण्यासाठी फडकं कुणाच्या हातात असतं, ते तुम्ही बेसमेंटच्या पार्किंगमध्ये रोज बघता.

पाण्याबद्दल थोडक्यात. बागेच्या पाइपमधून मिनिटाला तीसेक लिटर सहज जातं. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वाहता पाइप जमिनीवर टाकून कॅमेऱ्याशी बोलणारा माणूस बघवत नाही. आणि अमेरिकेतल्या बहुतेक उपनगरांत रस्त्याकडेच्या जाळीत गेलेलं पाणी शुद्धीकरणाला जात नाही, थेट ओढ्यात जातं. बाटलीवर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलंय याचा अर्थ ते कधीतरी विघटन पावेल. आज दुपारी ओढ्यातल्या माशाच्या कल्ल्यांना ते साबणच असतं. गाडी हिरवळीवर घेऊन धुतली तर निदान मातीतून गाळून तरी जातं. व्यावसायिक कार वॉशचं पाणी सहसा सांडपाण्याच्या नळाने शुद्धीकरणाला जातं किंवा तिथेच फिरवून वापरलं जातं, म्हणून ड्राइव्ह-वेवरच्या कारागिरापेक्षा तो फिरत्या ब्रशांचा बोगदा ओढ्याच्या दृष्टीने बरा. रंगाच्या दृष्टीने नाही. ही ओढाताण एखाद्या व्हिडिओने मांडली तर मी त्याला दोनदा बघेन.

मला हवा असलेला व्हिडिओ तसा कंटाळवाणा असेल. एप्रिलची सुरुवात, शेवटचं मीठ पडून गेलेलं. तापमान शून्याच्या बरंच वर. माणूस गुडघ्यांवर, हातात लांब दांड्याचा ब्रश आणि वाकडा नोझल, चाकांच्या कमानीच्या आत, वरच्या कडेला जिथे चिखलाची वडी बसते तिथे बोट घालून चाचपतो आहे. दरवाजांच्या खालच्या काठाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करतो आहे. बराच वेळ काळं पाणी येतं. संगीत नाही, मालकीण रडत नाही. बॉनेट अजून धुतलेलंही नाही.