‘कोर्ट’मधलं झुरळ

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला दाखवला गेला आणि तिथून पुरस्कार घेऊन परतला. मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, मग ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका. त्यावर जे काही माझ्या वाचनात आलं ते न्यायव्यवस्थेबद्दल होतं, शाहिरीबद्दल होतं, जागचा न हलणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल होतं. सगळं रास्तच आहे. पण या सिनेमात एक माणूस कामावर असताना मेलाय. अख्खा खटला त्याच्या मरणावर उभा आहे, आणि तो कसा मेला याची चर्चा मात्र कुणी फारशी करत नाही.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर, भूमिका वीरा साथीदार यांची. मुंबईतल्या एका वस्तीत त्याचा कार्यक्रम होतो आणि काही दिवसांत वासुदेव पवार हा गटारसफाई कामगार मॅनहोलमध्ये मरतो. पोलिसांचं म्हणणं असं की, कांबळेच्या गाण्याने चिथावून त्याने आत्महत्या केली. पुरावा काय? तर माणूस अनुभवी होता, आत विषारी वायू असतात हे त्याला ठाऊक होतं, तरी तो सुरक्षेची साधनं न घालता उतरला. म्हणजे त्याला मरायचंच होतं.

इथे प्रेक्षक हसतात. मीही हसले होते. पण हा युक्तिवाद कायद्याशेजारी ठेवून बघा. हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा २०१३चा कायदा त्याच वर्षीच्या डिसेंबरात लागू झाला. त्यात गटार आणि सेप्टिक टँकची ‘धोकादायक सफाई’ करून घेणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि धोकादायक कशाला म्हणायचं? जिथे काम देणाऱ्याने सुरक्षेची साधनं पुरवली नाहीत, बाकीची काळजी घेतली नाही, तिथली हाताने केलेली सफाई. म्हणजे अंगावर साधनं नसणं हा कायद्याच्या लेखी मालकाविरुद्धचा पुरावा आहे. सिनेमातला सरकारी पक्ष तोच पुरावा उचलतो आणि मेलेल्या माणसाच्या मनात काय होतं ते सांगायला वापरतो. संपूर्ण सिनेमातला सगळ्यात क्रूर विनोद माझ्या मते हा आहे. सुट्टीवर गेलेले न्यायाधीशसुद्धा त्याच्यापुढे फिके आहेत.

मग पवारची बायको साक्षीला येते. सिनेमातली ही सर्वोत्तम दहा मिनिटं. रडणं नाही, पार्श्वसंगीत नाही. वकील विचारतो, ती सांगते. साधनं कधी मिळालीच नव्हती. गटारातल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता. वास सहन व्हावा म्हणून तो पिऊन उतरायचा. आणि उतरण्याआधी मॅनहोलमध्ये खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही.

झुरळाच्या या वाक्यावर मी सिनेमा थांबवला. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दिवसभर मी एकच प्रश्न विचारत असते, ही टेस्ट नक्की काय तपासते? कोळशाच्या खाणीत पूर्वी कॅनरी पक्षी न्यायचे, कारण विषारी वायूने तो माणसाच्या आधी कोसळतो. तो कोसळला की माणसांना बाहेर पडायला वेळ मिळायचा. झुरळाचं नेमकं उलट. ते पाण्याखाली बराच वेळ तग धरतं, कमी प्राणवायूवर माणसापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. म्हणजे ही अशी टेस्ट आहे जी नापास व्हायलाच हवी तिथे पास होते. शिवाय गटारात माणूस मारणारा मुख्य वायू हायड्रोजन सल्फाइड. तो हवेहून जड, तळाशी बसतो. सडक्या अंड्यांसारखा त्याचा वास सगळ्यांना माहीत असतो, पण प्रमाण साधारण १०० पीपीएमपर्यंत गेलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे बरं वाटायला लागलं असं नाही, अवघड झालं असं समजायचं. आणखी एक, हा वायू गाळात अडकून असतो. माणूस आत उतरून गाळ ढवळायला लागतो तेव्हा तो मोकळा होतो. उतरण्याआधी केलेली कुठलीही तपासणी तिथून पुढे निरुपयोगी. म्हणून पट्ट्याला अडकवायचं चार वायूंचं मीटर असतं, ते आत असताना सतत मोजत राहतं आणि किंचाळतं.

मीटर अस्तित्वात आहे. केरळमधल्या इंजिनियर पोरांनी बनवलेला बँडिकूट नावाचा मॅनहोल साफ करणारा रोबोटसुद्धा २०१८पासून आहे. वासुदेव पवारकडे खडा होता.

गटार फार लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगते. मी आधी ज्या कंपनीत होते तिथे लिफ्टशेजारी सुरक्षिततेची पोस्टरं होती, खुर्चीत कसं बसावं वगैरे. आमच्या मजल्यावरच्या मावशी टॉयलेट धुताना ॲसिडवालं क्लीनर आणि ब्लीच एकाच वेळी ओतायच्या. डोळे लाल, पदर नाकाला. मी विचारलं तर म्हणाल्या, “ताई, दोन्ही टाकलं की चकाचक निघतं. सुपरवायझरनंच सांगितलंय.” हे दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. मूळ कॅनवर तसा इशारा छापलेला असतो, तोही इंग्रजीत. मावशींच्या हातात यायची ती कोरी, लेबल नसलेली पाण्याची बाटली. ॲडमिनला सांगितलं तर उत्तर आलं, “त्या आपल्या नाहीत, व्हेंडरच्या आहेत.” संपूर्ण वॉशरूममध्ये सुरक्षेचं म्हणून एकच साधन होतं, ‘फरशी ओली आहे’ असं सांगणारा पिवळा बोर्ड. तोही आम्ही घसरू नये म्हणून.

व्हेंडर हा शब्द घेऊन परत कोर्टात जाऊ. खटल्यात कांबळे पिंजऱ्यात आहे, पोलीस आहेत, साक्षीदार आहेत. कंत्राटदार कुठे आहे? पालिकेचा कुणी अधिकारी? त्यांना बोलवा असं कुणालाच वाटत नाही. सरकारी वकील म्हणते आत्महत्या. बचावाचे विनय व्होरा म्हणतात अपघात. व्होरा हा सिनेमातला भला माणूस, आणि त्यांच्या अशिलाला सोडवायला अपघात एवढा शब्द पुरतो. पण तो शब्द कांबळेबरोबर बाकी सगळ्यांनाही सोडवतो. आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की पुढे जो अहवाल लिहितात त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात (मेलेलं कुणी नसतं, तरी). त्याचा साधा नियम असा की, ‘माणसाची चूक’ किंवा ‘दुर्दैव’ इथे थांबायचं नाही, त्या माणसाला तसं काम करावं का लागलं तिथपर्यंत जायचं. ‘कोर्ट’मध्ये खरोखरीचं पोस्टमॉर्टेम आहे, आणि तिथपर्यंत जाणारं कुणी नाही.

सिनेमा स्वतः तिथपर्यंत जातो का? इथे माझी तक्रार आहे. पवारचा चेहरा न दाखवणं मला मान्य आहे. तो फक्त साक्षीतून उरतो, आणि ती साक्षही न्यायाधीश स्वतःच्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात तेव्हा आणखी आटते. हे ताम्हाणेला पक्कं कळलंय. पण कॅमेरा व्होरांबरोबर सुपरमार्केटमध्ये जातो, सरकारी वकिलीणबाईंच्या स्वयंपाकघरात जातो, न्यायाधीशांबरोबर सहलीला जातो. असा निवांत वेळ पवारच्या बायकोच्या वाट्याला येत नाही. मध्यमवर्गाची घरं सिनेमाला आतून माहीत आहेत, तिचं घर त्याला तेवढं माहीत नाही. कदाचित न कळणाऱ्या गोष्टीचं नाटक केलं नाही हा प्रामाणिकपणा असेल. तरी त्यामुळे उत्तरार्धात सिनेमाही कोर्टासारखाच वासुदेव पवारला विसरत जातो. कांबळेला पुन्हा अटक होते तेव्हा कलमं वेगळी असतात, गटाराचा विषयच उरत नाही.

मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी २०१४ साली दहा लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ साली ती तीस लाख केली. दोन्ही रकमा मेल्यानंतरच्या आहेत.

साक्षीनंतर व्होरा तिला गाडीतून सोडायला निघतात. पैसे देऊ करतात, ती घेत नाही. कुठे काही काम असेल तर सांगा, म्हणते. कसलंही चालेल.