श्रोत्याची साक्ष : मैफलीच्या आठवणींचे कथनरूप

मराठी संगीतविचारात श्रोत्याच्या आठवणीला मानाचे पान कधीच मिळाले नाही. राग, बंदिश, घराणे, आवाजाचा लगाव यांची चर्चा शास्त्रात जमा होते. अमुक वर्षी अमुक मैफलीत काय घडले, हे सांगणारा मात्र हौशी समजला जातो. त्याचे बोलणे दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानांवर, गौरवग्रंथाच्या परिशिष्टात किंवा चहाच्या टपरीवर उरते. वस्तुतः शास्त्रालाही त्याच्यावाचून गत्यंतर नसते. गोविंदराव टेंबे यांच्या ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) या ग्रंथातील मर्मदृष्टी प्रत्यक्ष ऐकलेल्या गाण्याच्या स्मरणावर उभी आहे. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ची (१९६१) सैद्धांतिक मांडणीही अनेक वर्षांच्या श्रवणातून आलेली आहे. फरक इतकाच, की सिद्धांत लिहिताना ऐकणाऱ्याची बैठक पुसली जाते आणि आठवण सांगताना ती मध्यभागी येते. या दुसऱ्या प्रकारच्या कथनाकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहता येते काय, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत येतो. त्यासाठी पंडित भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांच्या श्रोत्यांइतके समृद्ध उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

रामभाऊ कुंदगोळकर अर्थात सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ पुढच्याच वर्षी पुण्यात संगीत महोत्सव सुरू झाला आणि भीमसेनांनी तो आयुष्यभर सांभाळला. पुणेकरांच्या बोलण्यात या महोत्सवाचे नाव नुसते ‘सवाई’ असे उरले. ‘यंदा सवाईला आहेस ना?’ एवढे विचारले की पुरते. डिसेंबरचा गारठा, मांडवातील भारतीय बैठक, रात्रभर चालणारे गाणे आणि शेवटच्या पहाटे भीमसेनांचे गायन, हा क्रम दशकानुदशके टिकला. त्यातून आठवणींचा जो साठा तयार झाला, त्याची घडण एखाद्या लोककथेसारखी आहे. सांगणारा बदलतो, साल बदलते, राग बदलतो, पण कथनाचे सांधे तेच राहतात : संध्याकाळची निघण्याची गडबड, जागा मिळवण्याची धडपड, मध्यरात्रीनंतरची पेंग, तंबोरे जुळत असताना मांडवात पसरलेली शांतता आणि मग तो षड्ज.

या कथनांतील क्रियापदे विशेष लक्ष देण्याजोगी आहेत. ‘त्या दिवशी आवाज काही वेगळाच लागला होता’, ‘गाणे जमले’, ‘मैफल रंगली’, ‘सूर सापडला’. यांपैकी एकाही वाक्यात गायक कर्ता नाही. मराठीत दिवा लागतो, डोळा लागतो, वेड लागते, तसाच आवाजही लागतो. ज्याच्या भव्य गळ्याची आणि दमसासाची ख्याती देशभर आहे, त्या गायकाच्या पराक्रमाचे वर्णन करताना श्रोता त्यालाच वाक्याच्या कर्तेपदावरून अलगद खाली उतरवतो आणि घडलेल्या गोष्टीचे श्रेय कोणालाच देत नाही. याला भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु अरबी संगीताच्या अभ्यासकांनी ज्या ‘सल्तना’ नामक अवस्थेचे विवेचन केले आहे, तिच्याशी हे ताडून पाहावे. तेथेही गायकावर मकामाची, म्हणजे स्वरचौकटीची, सत्ता चालते असे मानले जाते. गायक ती अवस्था मिळवत नाही, ती त्याच्यावर येते. एका संस्कृतीने यासाठी स्वतंत्र संज्ञा घडवली, दुसरीने ते काम एका अकर्मक क्रियापदावर सोपवले. मराठी संगीतसमीक्षेने या क्रियापदाची दखल घेतली असती, तर ‘प्रतिभा’ आणि ‘साधना’ या दोन शब्दांवर तिला इतका भार टाकावा लागला नसता.

नामोल्लेखाची रीतही अर्थपूर्ण आहे. मराठी श्रोता ‘भीमसेन गायले’ म्हणतो : नाव एकेरी, क्रियापद आदरार्थी. ‘पंडितजी’ हे संबोधन छापील कार्यक्रमपत्रिकेतले. आठवण रंगात आली की ते गळून पडते. किशोरी आमोणकरांच्या बाबतीत ‘ताई’ सुटत नाही. कुमार गंधर्व मराठीत ‘कुमार’ असतात आणि देवासच्या परिसरात हिंदीत शिरताच ‘कुमारजी’ होतात. इजिप्तमध्ये उम्म कुल्सूम यांना ‘अस्-सित्त’, म्हणजे ‘बाईसाहेब’, एवढेच म्हणत. गायकापासून आपण किती अंतरावर बसलो होतो, हे श्रोता नावाच्या उच्चारातूनच सांगून टाकतो.

खरी अडचण पुढे येते. या आठवणींत संगीताहून संगीतेतर मजकूर अधिक असतो. शाल, थर्मास, शेजारी घोरणारे काका, परतीची बस, त्या वर्षी घरात झालेला मृत्यू किंवा ठरलेले लग्न. सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीने हा सगळा गाळ आहे. अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी स्वतःच्या वा परक्याच्या विशिष्ट देशकालाला चिकटून राहणे हे एक, आणि आपल्याच सुखदुःखाने विवश होणे हे दुसरे. आत्ममग्नतेच्या या दुसऱ्या विघ्नावर तो जे उपाय सांगतो त्यांत गायन-वादन आणि शोभिवंत मंडप यांचा समावेश आहे, हे विसरता येत नाही. म्हणजे ज्या मांडवात खाजगी दुःख विरघळायचे, त्या मांडवाची आठवण सांगताना श्रोता तेच दुःख पुन्हा गोळा करतो. हा विरोध वरवरचा म्हणून सोडून द्यावा असा नाही. रसानुभवाच्या क्षणी देशकाल गळतो हे खरे मानले, तर त्या क्षणाविषयी सांगण्यासारखे काही उरतच नाही. सांगता येतात ते त्याचे दोन काठ. गारठा आणि शाल हे अलीकडचे काठ, पहाटेचा उजेड आणि रिकामे होणारे मैदान हे पलीकडचे. मधला प्रवाह कथनात मुका असतो. चांगल्या आठवणीची परीक्षा येथेच होते. जो सांगणारा मधला भाग ‘दैवी’, ‘अलौकिक’, ‘शब्दातीत’ अशा विशेषणांनी बुजवतो, त्याची साक्ष पातळ होते. जो काठांचे तपशील नेमके देऊन मध्ये थांबतो, त्याच्यावर विश्वास बसतो. पहिल्या प्रकारचे लेखन मराठीत उदंड आहे, आणि पु. ल. देशपांडे यांच्या शैलीचे अनुकरण करणाऱ्यांनी त्यात मोठी भर घातली आहे. स्वतः पु. लं.चा कान पेटीवर तयार झाला होता. अनुकरण करणाऱ्यांनी उत्साह तेवढा उचलला.

आठवण मौखिक रूपात एकट्याची नसते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. एकाने सुरुवात करावी, दुसऱ्याने ‘तोडी नव्हे, ललत’ म्हणून अडवावे, तिसऱ्याने सालावरून वाद घालावा, मग कोणीतरी आपल्या बढतीच्या किंवा मुलीच्या जन्माच्या आधाराने ते साल पक्के करावे, अशी ती सामूहिक रचना आहे. छापताना तिचे स्वगत होते, वादी-संवादी सूर नाहीसे होतात आणि मजकूर संशयास्पद रीतीने गुळगुळीत बनतो.

अशा साक्षींची तुलना कशी करावी, याचा एक जुना नमुना युरोपात आहे. १८६० च्या जानेवारी-फेब्रुवारीत वाग्नरच्या संगीताचे तीन जलसे पॅरिसमध्ये झाले. ते ऐकून बोदलेअरने १७ फेब्रुवारी रोजी वाग्नरला पत्र लिहिले आणि त्यात आपला पत्ता मुद्दाम दिला नाही, कारण त्यावरून त्या संगीतकाराला हा आपल्याकडे काही मागतो आहे असे वाटले असते. चाहत्याच्या निरपेक्षतेचे याहून सभ्य उदाहरण शोधावे लागेल. पुढच्या वर्षी लिहिलेल्या निबंधात त्याने ‘लोहेनग्रिन’च्या पूर्वरंगाविषयीची तीन वर्णने शेजारी शेजारी मांडली : वाग्नरच्या स्वतःच्या कार्यक्रमपत्रिकेतले, लिस्टचे आणि स्वतःचे. तिन्हींत अवकाश, प्रकाश, उंची यांच्या प्रतिमा समान निघाल्या. त्यावरून, संगीत वेगवेगळ्या मनांत सजातीय कल्पना जागवते, असा निष्कर्ष त्याने काढला. ही पद्धत मराठी आठवणींना लावून पाहिली तर निष्कर्ष वेगळा निघतो. भीमसेनांच्या श्रोत्यांत सारखेपणा आढळतो तो शरीराच्या पातळीवर : अंगावर काटा येणे, पाठ ताठ होणे, तानेबरोबर श्वास अडकणे. दृश्यप्रतिमा जवळजवळ नाहीत. भीमसेनांचे गाताना हलणारे हात आणि झेपावणारे शरीर हेच येथे दृश्य आहे. कल्पनेला दुसरे चित्र रंगवण्याची गरज भासत नाही. बोदलेअरने वाद्यवृंद ऐकला होता, माणसाचा गळा नव्हे, हे कारणही त्यामागे असावे.

उपस्थितीचा प्रश्न उम्म कुल्सूम यांच्या श्रोत्यांनी आणखी अवघड करून ठेवला आहे. १९३० च्या दशकापासून कैरोतील त्यांचे महिन्याच्या पहिल्या गुरुवारचे जलसे आकाशवाणीवरून थेट प्रक्षेपित होऊ लागले आणि हंगामागून हंगाम तो शिरस्ता चालू राहिला. एकेक गीत तासभर किंवा त्याहून अधिक चाले. श्रोत्यांच्या पुकाऱ्यावर एकच ओळ पुनःपुन्हा, दर वेळी नव्या वळणाने येई. सभागृहात मोजकी माणसे असत. कॉफीगृहांत, गच्च्यांवर, इतर अरब देशांतील घरांत असंख्य. ‘त्या गुरुवारी मी ऐकले’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गायिकेला पाहिलेलेच नसते, तरी त्यांची साक्ष कोणी खोटी ठरवत नाही, कारण काळ एक होता. शिवाय त्या ध्वनिमुद्रणांत श्रोत्यांचे हुंकार आणि ओरडे मुद्रित झालेले आहेत : दाद ही संहितेचाच भाग बनली. याउलट मराठी कथनात ‘मी तिथे होतो’ हे प्रमाणपत्र लागते. त्याच गायकाची स्टुडिओतील तबकडी घरोघर वाजत असली, तरी ‘सवाईचे भीमसेन वेगळे’ हे पालुपद सुटत नाही.

या पालुपदात अहंकाराचा अंश आहे, आणि त्याखाली एक विस्मरणही. भीमसेनांची स्वतःची कथा एका तबकडीपासून सुरू होते. अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून गदगच्या शाळकरी मुलाने वयाच्या अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडले, ही हकिकत त्यांनी अनेकदा सांगितली आहे. मराठीतील सर्वांत प्रसिद्ध मैफली गायकाच्या मुळाशी प्रत्यक्ष मैफल नाही.

विस्मरण आणखी एका ठिकाणी दिसते. गदग, धारवाड, हुबळी, कुंदगोळ या पट्ट्यातील कन्नड श्रोत्यांच्या स्मरणात दासांची पदे गाणारे भीमसेन आहेत. मराठी आठवणीत ‘संतवाणी’चे. ‘अण्णा’ हे संबोधन दोन्ही भाषांना सामाईक, पण मराठी कथनात गायकाचे कन्नडपण एखाद्या उच्चाराच्या गमतीपुरते येते. विठ्ठलाविषयीची कन्नड आणि मराठी भक्तिपरंपरा एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत, याची चर्चा करणारे अभ्यासकही या दोन श्रोतृसमुदायांच्या साक्षी एकत्र ठेवून वाचत नाहीत. केंद्रीय विद्यापीठांतील भाषाविभागांना हे काम सहज करता येण्याजोगे आहे, आणि ते लांबवण्याजोगे नाही. साठ-सत्तरच्या दशकांत तरुण असलेले श्रोते आता ऐंशीच्या घरात आहेत. मंचावरच्या गायकांच्या मुलाखती झाल्या. सतरंजीवरच्यांना कोणी विचारले नाही. त्यातही बायकांच्या आठवणी फार थोड्या छापल्या गेल्या, वास्तविक त्या मांडवात मोठ्या संख्येने असत.

दरम्यान खुद्द रात्रच आटली. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. ध्वनिक्षेपकांवरील रात्री दहानंतरच्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कठोर शिक्कामोर्तब केले, आणि रात्रभराची खुली मैफल सार्वजनिक जीवनातून जवळपास बाद झाली. नियमाचे समर्थन करता येते. आजारी शेजाऱ्याचा हक्क दरबारीच्या हक्काहून लहान नाही. पण उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग त्यांच्या प्रहरापासून तुटले, आणि आठवणीचा जो सांधा सर्वांत घट्ट होता, म्हणजे पेंग आणि जाग यांच्या सीमेवरचे ऐकणे, तो नव्या कथनांतून गेला. आजचा तरुण श्रोता ‘सवाई’विषयी सांगतो तेव्हा गायक, राग, गर्दी, खाद्यपदार्थ सर्व असते, झोप नसते.

जुन्या क्रमातील एक प्रसंग जवळजवळ प्रत्येक कथनात शेवटी येतो, आणि सांगणारे त्यावर क्वचितच भाष्य करतात. भीमसेनांचे गाणे संपल्यावर मंचावरून कोणी गात नसे. सवाई गंधर्वांच्या भैरवीतील ठुमरीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली जाई. प्रत्यक्ष गाण्याचा हट्ट धरणारे हजारो लोक, घड्या केलेल्या शाली हातात घेऊन, त्यांच्यापैकी अनेकांनी कधीच न पाहिलेल्या माणसाचा खरखरणारा आवाज शेवटपर्यंत ऐकत थांबत, आणि मग वाहनतळाकडे निघत.