बरे झाल्याची साक्ष आणि सी. एस. लुईस

आपल्या धर्मग्रामांतून निघणारी मासिके-पत्रके चाळली की शेवटच्या पानांवर एक मजकूर हटकून आढळतो. कुणाची आई, कुणाचे पती, कुणाचे लहानगे मूल मरणाच्या दारातून परत आलेले असते. डॉक्टरांनी आशा सोडलेली असते, घरच्यांनी नोव्हेना केलेली असते, आणि आता जाहीर आभार मानले जात असतात. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचा पाय किंवा मेणाचे हृदय वाहणाऱ्या माणसाची जी भावना असते, तीच या चार ओळींमागे असते. तिची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तरीही साहित्याचे वाचक म्हणून आम्हांला एक प्रश्न सतत छळत आला आहे. या साक्षींत आजार असतो, प्रार्थना असते, फळ असते. पण मधल्या दिवसांत त्या घरातल्या माणसांच्या श्रद्धेचे काय झाले, ते कुठेच नसते. जणू श्रद्धा पहिल्या दिवशी जितकी होती तितकीच शेवटच्या दिवशीही शिल्लक होती.

हा प्रश्न केवळ वाचनातून उद्भवलेला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वडिलांचे दुखणे अगदी टोकाला गेले आणि ते वाचले, तेव्हा आम्हीही अशी एक साक्ष लिहून दिली होती. ती छापून आल्यानंतरच्या रविवारी, मिस्सा सुटल्यावर, आमच्या आळीतल्या एका मावशींनी आम्हांला थांबवले आणि म्हणाल्या, "वाचलं रे तुझं. आम्हीपण तीच नोव्हेना केली होती." त्यांचा मुलगा त्याच पंधरवड्यात गेला होता. त्यांच्या स्वरात राग नव्हता. पण आमच्या साक्षीत त्यांना उभे राहायला जागा नव्हती, एवढे आम्हांला त्या क्षणी उमगले.

तेव्हापासून, आपल्या माणसाचे बरे होणे प्रामाणिकपणे कसे सांगावे, याचा आम्ही शोध घेत आहोत. त्या शोधात ज्या लेखकापाशी आम्ही पुनःपुन्हा आलो तो कॅथलिक नव्हता. बेलफास्टमध्ये जन्मलेला, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये अध्यापन केलेला अँग्लिकन होता. सी. एस. लुईस यांचे नाव आपल्याकडे नार्नियाच्या बालकथांमुळे, किंवा १९९३ साली आलेल्या 'शॅडोलँड्स' या चित्रपटामुळे परिचित आहे. आम्हांला येथे त्यांच्या लेखनातला एकच धागा पाहायचा आहे. अंथरुणाला खिळलेले आपले माणूस आणि त्याच्यासाठी केलेली प्रार्थना, हा विषय या लेखकाने आयुष्यात चार वेळा हाताळला, आणि चारही वेळा निराळा हाताळला.

पहिली हकिकत त्यांच्या बालपणातली. २३ ऑगस्ट १९०८ रोजी त्यांच्या आईचा कर्करोगाने मृत्यू झाला. तेव्हा लुईस नऊ वर्षांचे होते. आई बरी व्हावी म्हणून या मुलाने प्रार्थना केली होती. नुसती इच्छा धरून चालणार नाही, ती बरी होणारच असा निश्चय मनाशी धरला पाहिजे, अशी त्याची समजूत होती. ती गेल्यावरही त्याने हट्ट सोडला नाही. आता ती उठून बसेल अशी वाट पाहिली. 'सरप्राइज्ड बाय जॉय' (१९५५) या आत्मकथनात प्रौढ लुईस हे सारे अतिशय कोरडेपणाने सांगतात. आपण त्या वेळी देवाकडे तारणारा म्हणूनही गेलो नव्हतो आणि न्यायाधीश म्हणूनही नाही, तर जादूगार म्हणून गेलो होतो, असे त्यांचे निदान आहे. काम झाले की जादूगाराने निघून जावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. म्हणून ती प्रार्थना फसल्याने आपल्या श्रद्धेला धक्का बसला नाही, कारण तिथे श्रद्धा अशी नव्हतीच, असे ते म्हणतात.

हे निदान बुद्धीला पटते. मनाला मात्र ते सहजी पटत नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या आकांताला इतक्या शांतपणे चुकीचा ठरवणारा माणूस काहीतरी झाकत असला पाहिजे, अशी शंका येते. त्या शंकेला पुरावा मिळतो तो त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच बालकथेत. तिचे नावच 'द मॅजिशियन्स नेफ्यू', म्हणजे जादूगाराचा पुतण्या किंवा भाचा. आत्मकथनात 'जादूगार' हा शब्द ज्या प्रार्थनेसाठी वापरला, तीच प्रार्थना या कथेच्या गाभ्याशी आहे, हा निव्वळ योगायोग असेल असे आम्हांला वाटत नाही.

डिगरी नावाचा मुलगा लंडनमध्ये मामा आणि मावशीच्या घरी राहतो आहे. वडील दूर हिंदुस्थानात आहेत आणि आई आतल्या खोलीत मरणपंथाला लागली आहे. जादूच्या जगात पोहोचल्यावर एका बागेतले रुपेरी सफरचंद आणण्याची कामगिरी सिंहरूपी अस्लान त्याच्यावर सोपवतो. तेथे चेटकीण त्याला गाठते आणि सुचवते, की हे फळ सरळ आईकडे घेऊन जा, ती बरी होईल. हा प्रसंग म्हणजे या पुस्तकाचा प्राण होय. येथे मोह वाईट वासनेतून येत नाही, तो आईच्या मायेतून येतो. डिगरी ते फळ चोरत नाही. अस्लानला नेऊन देतो, आणि आता आई जगणार नाही असे समजूनच देतो. त्याआधी, आईसाठी काही मागताना, त्याने मान वर करून पाहिलेले असते तेव्हा त्याला सिंहाच्या डोळ्यांत मोठाले अश्रू दिसलेले असतात. त्याच्या आईचे दुःख त्याच्यापेक्षाही अस्लानलाच अधिक असावे असे. लाजरसच्या थडग्यापाशी रडलेला येशू ज्याला ठाऊक आहे, त्या वाचकाला या जागी थांबावेच लागते.

शेवटी नव्या झाडाचे फळ डिगरीला मिळते, आई ते खाते, शांत झोपते आणि बरी होते. येथवर सारे उत्तम. परंतु लुईस एवढ्यावर थांबत नाहीत. वडील हिंदुस्थानातून परततात, वारसाहक्काने पैसा येतो, गावाकडचे प्रशस्त घर मिळते. कलेच्या दृष्टीने हा शेवट सैल आहे, असे आमचे मत आहे. १९०८ साली ज्या मुलाला काहीच मिळाले नाही, त्याला लेखक इथे दोन्ही हातांनी सगळे देऊन टाकतो आहे. आम्ही हा दोष दाखवतो, आणि दाखवताना आम्हांला गहिवरही येतो.

कथा लिहून झाली, आणि मग जीवनाने तीच गोष्ट खरी करून समोर ठेवली. जॉय डेव्हिडमन ही अमेरिकन कवयित्री, ज्यू कुटुंबात जन्मलेली, एके काळची कम्युनिस्ट, घटस्फोटित, दोन मुलांची आई. १९५६ च्या एप्रिलमध्ये तिने लुईसशी नोंदणी विवाह केला होता. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तिची मांडी मोडली आणि हाडांत कर्करोग पसरल्याचे निष्पन्न झाले. २१ मार्च १९५७ रोजी रुग्णालयातल्या खाटेपाशी पीटर बाईड या अँग्लिकन धर्मगुरूने त्यांचा धार्मिक विवाह लावला आणि तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. (घटस्फोटितेशी झालेला हा विवाह आमच्या काही वाचकांना खटकेल, तो त्यांच्या स्वतःच्या चर्चमध्येही विनासायास झालेला नव्हता.) मरायला म्हणून घरी आणलेली जॉय हळूहळू चालू लागली. हाडे भरून आली.

या घटनेविषयी लुईस यांनी १९५९ साली 'द एफिकसी ऑफ प्रेयर' हा छोटा निबंध लिहिला. आरंभी ते एक क्षुल्लक गोष्ट सांगतात : लंडनला जायचे रद्द झाल्यावर केस कापण्याचा बेतही सोडून दिला होता, पण मनाची टोचणी थांबेना म्हणून गेलो, तर न्हाव्याने आपण यावे म्हणून प्रार्थना केलेली होती. आणि त्याच्याच शेजारी ते त्या रोगिणीची हकिकत ठेवतात, जिला खाटेवर कूस बदलायला तिघे लागत असत आणि जी वर्षभराने रानातला चढ चढत होती. ती आपली पत्नी आहे, हे मात्र ते सांगत नाहीत. प्रार्थनेचा परिणाम सिद्ध करता येईल का, असा प्रश्न ते करतात आणि नाही म्हणतात. एका रुग्णालयासाठी प्रार्थना करायची, दुसऱ्यासाठी नाही, आणि मग आकडे ताडून पाहायचे, ही प्रयोगाची कल्पनाही ते उडवून लावतात. कारण विनंती ही विनंती असेल तर ती नाकारली जाण्याची शक्यता तिच्यातच असते. गेथसेमनीच्या बागेत केली गेलेली विनंती पूर्ण झाली नव्हती, याची आठवण ते करून देतात.

आमच्या आळीतल्या त्या मावशींना जागा देणारे लेखन आम्हांला प्रथम भेटले ते येथे. स्वतःच्या घरात चमत्कारासारखे काही घडलेले असताना हा माणूस ते पुरावा म्हणून मिरवत नाही. उलट, आपल्याला मिळाले म्हणजे आपण देवाच्या अधिक जवळचे, हा निष्कर्ष तो वाचकाला काढू देत नाही. तरीही निबंध वाचताना आम्हांला एक उणीव जाणवते. पत्नीला अनामिक रोगिणी करून टाकल्यामुळे घर नाहीसे झाले. खाटेशेजारी बसलेला नवरा नाही, भाऊ वॉर्नी नाही, आईसाठी कासावीस झालेली दोन मुले नाहीत. सभ्य संकोच म्हणून हे क्षम्य आहे. पण कुटुंबाच्या श्रद्धेची हकिकत म्हणून ते अपुरे आहे.

ही उणीव भरून निघाली ती फार मोठ्या किमतीला. रोग परतला. तो परतला हे ठाऊक असतानाच १९६० च्या एप्रिलमध्ये दोघे ग्रीसला जाऊन आले, आणि १३ जुलै १९६० रोजी जॉयचा मृत्यू झाला. त्यानंतर लिहिलेल्या वह्यांतून 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ड' हे पुस्तक झाले. ते १९६१ साली एन. डब्ल्यू. क्लार्क या टोपणनावाने निघाले. त्यात तीच घटना पुन्हा येते. निबंधात चमत्काराच्या उंबरठ्यावर ठेवलेले ते बरे होणे इथे छळाचे साधन ठरते. खोटी निदाने, क्ष-किरणांच्या तसबिरी, मध्येच उगवलेली आशा, या साऱ्यांतून देवाने आपल्याला पायरीपायरीने फसवत नेले. तो कृपाळू दिसला तेव्हा खरे तर पुढच्या यातनेची तयारी करत होता, असे लुईस लिहितात. आणि नंतर, पुन्हा वही उघडल्यावर, तो विचार नव्हता, ती किंकाळी होती, असेही लिहितात.

या दोन नोंदींपैकी एकही त्यांनी खोडली नाही, याला आम्ही या पुस्तकाचे सर्वांत मोठे मोल समजतो. धार्मिक लेखनात सामान्यतः दुसरी नोंद छापली जाते आणि पहिली कन्फेशनच्या जाळीपलीकडे राहते. ईयोबाच्या पुस्तकाला पवित्र शास्त्रात स्थान देणाऱ्या परंपरेला तरी या किंकाळीचे वावडे असू नये. आमच्या वडिलांच्या आजारात सातव्या की आठव्या रात्री आमच्या आईने जपमाळ उशीखाली सरकवून ठेवली आणि दोन दिवस तिला हात लावला नाही. वडील घरी आल्यावर लिहिलेल्या साक्षीत आम्ही ते दोन दिवस गाळले. लिहिले असते तर साक्ष कमकुवत झाली असती, अशी तेव्हा आमची समजूत होती.

'शॅडोलँड्स' विषयी थोडक्यात. अँथनी हॉपकिन्स आणि डेब्रा विंगर यांचा अभिनय संयत आहे. परंतु चित्रपटाने दोन मुलांचे एकच मूल केले आणि ग्रीसची यात्रा वगळली. आजार, विवाह, मृत्यू यांना पडदा सोसतो. बरे होऊन घरात वावरणारी, घरकाम काढणारी, नोकरचाकरांवर डाफरणारी स्त्री त्याला फारशी नकोशी वाटते.

खेदाची गोष्ट अशी, की लुईस यांनीही त्या तीन वर्षांवर पुस्तक लिहिले नाही. आजाराआधीच्या प्रार्थनेविषयी त्यांनी लिहिले, मृत्यूनंतरच्या आकांताविषयी लिहिले. मधल्या काळातला चहा, पाहुणे, डागडुजी झालेले घर हे सारे त्यांच्या चार हकिकतींच्या फटीत पडले आहे. ते ज्याला वाचायचे असेल त्याने जॉयचा धाकटा मुलगा डग्लस ग्रेशॅम याच्या 'लेन्टन लँड्स' (१९८८) या आठवणींकडे वळावे. आई अंथरुणावर पडली तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. त्याची भाषा सावत्र वडिलांच्या भाषेची बरोबरी करत नाही, आणि ते त्यालाही ठाऊक असावे. पण आई पुन्हा चालू लागली तेव्हा घरात कसे आवाज येत होते, ते त्याने ऐकलेले आहे.