संज्ञा कशासाठी?

गेल्या दिवाळीत मेढ्याला बहिणीकडे गेलो होतो. फराळाच्या ताटापाठोपाठ भाच्याची मराठीची वहीही पुढे आली. उपमा, रूपक, प्रतिमा, प्रतीक अशा संज्ञांच्या व्याख्या तीत सुवाच्य अक्षरात उतरवलेल्या होत्या. पोराने त्या घडाघडा म्हणून दाखवल्या. मी म्हटले, "आता यातली एक तरी कवितेत दाखव." तो पुन्हा वहीतच पाहू लागला.

दोष पोराचा नव्हे. आपण संज्ञा आधी देतो आणि कविता तिला उदाहरण म्हणून चिकटवतो. क्रम उलटा हवा.

मी त्याला वेण्णेच्या काठी नेले. नदी कशी दिसते? "सापासारखी." झाली उपमा! नदी हे उपमेय, साप हे उपमान, 'सारखी' हा साम्यवाचक शब्द आणि वळणे घेत जाणे हा साधारण धर्म. 'ही नदी म्हणजे सापच' म्हटले की रूपक. येथवर आपले जुने अलंकारशास्त्र भक्कम आहे.

पंचाईत होते ती प्रतिमेपाशी. उपमेत सारखेपणा बोलून दाखवलेला असतो. प्रतिमेत कवी पुष्कळदा नुसती वस्तू पुढे ठेवतो, आणि ती डोळ्यांना, कानांना, नाकाला भिडते. मर्ढेकरांची पिंपातल्या मेलेल्या उंदरांवरची कविता घ्या. माणसे उंदरांसारखी जगतात, असे कवी कुठे म्हणत नाही. ओले उंदीर तेवढे दाखवतो, आणि आपल्या अंगावर काटा येतो. हेच उंदीर सबंध एका जगण्याच्या जागी उभे राहिले, की त्यांना प्रतीक म्हणावे. सीमारेषा पुसट आहे. परीक्षेत ती ठळक आखतात, त्याला इलाज नाही.

मर्ढेकरांचे घराणे याच सातारा जिल्ह्यातल्या मर्ढे गावचे. त्यांनी कविता लिहिली, तशीच समीक्षेची भाषाही घडवली. 'सौंदर्य आणि साहित्य' हा त्यांचा ग्रंथ 1955 चा. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला 1956 साली, त्यांच्या निधनानंतर मिळाला. 'भावनानिष्ठ समतानता' हा त्यांचाच शब्दप्रयोग. जीभ अडखळते खरी, परंतु गरज खोटी नव्हती. नदी आणि साप यांचा आकार तरी जुळतो. जिथे बाहेरून काहीच जुळत नाही, पण दोन अनुभव मनात एकच भावना जागवतात, तिथे 'साधारण धर्म' अपुरा पडतो. मात्र असा शब्द शाळकरी मुलापुढे प्रथमच टाकू नये. आधी उंदीर, मग समतानता.

उपरोधाची गोष्ट याहून अवघड, कारण त्या एका शब्दावर आपण दोन कामे लादली आहेत. उशिरा आलेल्याला 'फार लवकर आलात!' म्हणणे हा बोलण्यातला उपरोध. पण गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त सुधाकर पहिला प्याला उचलतो, तेव्हा कोणी कोणाला टोमणा मारत नसते. तो एकावर थांबणार नाही, हे प्रेक्षकाला ठाऊक असते, त्याला नसते. हा नाट्यातला उपरोध. नाटकाच्या नावातच तो भरला आहे. यासाठी मराठीला स्वतंत्र, सुटसुटीत शब्द हवा, असे माझे मत आहे.

एवढे सांगून आम्ही घरी परतलो. बहिणीने करंज्यांचा डबा पुढे केला. "एकच घेतो हं," मी म्हणालो. भाचा वही न उघडता ओरडला, "मामा, उपरोध!"